गाडी विजेची, पण वीज कुणाची?
ठाकुर्लीच्या वीजघरापासून सोसायटीच्या प्लगपर्यंत

कोपर स्टेशनात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना ओलांडून जातात. खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो आणि वरून दिवा-वसई मार्ग. वरच्या फलाटाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं, तर खालून दोन-तीन लोकल सहज जाताना दिसतात. प्रत्येक गाडीच्या डोक्यावर एक जाळीदार हात असतो आणि तो वरच्या तारेला घासत जातो. एवढंच गाडीचं विजेशी असलेलं नातं आपल्याला दिसतं. ती तार कुठून आली, तिच्यात वीज कोण सोडतं, गाडीला केव्हा किती वीज लागणार हे त्याला कसं कळतं, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

सध्या मात्र हे प्रश्न आपल्या घराच्या दारात आले आहेत. स्टेशनबाहेरच्या स्कूटरींमध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरी दिसू लागल्या आहेत. सोसायट्यांच्या सभांमध्ये ‘चार्जिंगचा पॉइंट द्यायचा का? मीटर कुणाचं? पैसे कुणी भरायचे?’ यावर वाद होतात. हे सगळं अगदी नवं आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विजेवर चालणारं वाहन आणि वीजपुरवठा यांची सांगड घालण्याचा प्रयोग याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी झाला. त्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार कोपरपासून दोनच स्टेशनं पुढे, ठाकुर्लीला होता. त्या प्रयोगाची गोष्ट नीट पाहिली, तर आजच्या वादातले बरेच मुद्दे सुटे होतात.

वीज आणि वाहन एकाच घरात

सुरुवात मुंबईच्या ट्रामपासून करू. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढत. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ स्थापन झाली. नावातच सगळं आलं : एकच कंपनी शहराला वीज पुरवणार आणि तीच ट्रामही चालवणार. त्याच वर्षी वाडीबंदरला तिचं वीजकेंद्र सुरू झालं आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची पहिली ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ही कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली. तीच आपली ‘बेस्ट’.

या जोडीमागे एक साधा हिशेब होता. १९०५ साली घरात वीज कशाला लागत असे? दिव्याला. म्हणजे संध्याकाळचे चार तास मागणी आणि उरलेला दिवस जवळपास शुकशुकाट. पण वीजकेंद्र तर संध्याकाळच्या मागणीएवढं मोठं बांधावंच लागे. बॉयलर, जनित्र, तारा या सगळ्यांवरचं व्याज दिवसभर चालू आणि कमाई मात्र चारच तास. ट्राम दिवसभर वीज घेते, त्यामुळे तीच यंत्रं जास्त तास कामी येतात आणि प्रत्येक युनिट स्वस्त पडतं.

हाच विचार त्या काळात शिकागो शहरात सॅम्युएल इन्सल हा वीज-व्यावसायिक मांडत होता. शहरातल्या रस्त्यावरच्या रेल्वे कंपन्यांनी स्वतःची वीजघरं बंद करून आपल्याकडून वीज घ्यावी, यासाठी त्याने त्यांना स्वस्त दर देऊ केले. वीजकेंद्र पूर्ण क्षमतेने सतत चाललं तर जेवढी वीज तयार होईल, तिच्यापैकी प्रत्यक्षात किती विकली जाते, या प्रमाणाकडे त्याचं लक्ष असे. वीज कंपनीचा नफा-तोटा या प्रमाणावर ठरतो, हे त्याने ओळखलं होतं.

अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने तर आणखी पुढची पायरी गाठली. १९१०च्या दशकात तिने विजेवर चालणाऱ्या मालमोटारींना बॅटरी बदलून देण्याची सेवा सुरू केली. गिऱ्हाइकाने मोटार घ्यायची ती बॅटरीशिवाय. बॅटरी कंपनीची. उतरलेली द्यायची आणि भरलेली घ्यायची. दर महिन्याला एक ठरावीक रक्कम आणि वर जितके मैल गाडी धावली तितके पैसे. आज दुचाकी-तिचाकींसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रं दिसतात, त्यांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, पेट्रोलच्या गाड्या सुधारल्या आणि १९२४च्या सुमाराला ही सेवा बंद झाली.

धुराचं इंजिन, घाट आणि गर्दी

आता आपल्या रुळांवर येऊ. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोहोचले. आज जिथे कोपर स्टेशन आहे तिथून तेव्हापासून गाड्या जाऊ लागल्या, पण त्या कोळशावरच्या. पुढची सत्तर वर्षं या मार्गावर वाफेच्या इंजिनांचंच राज्य होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या मर्यादा जाणवू लागल्या. पहिली मर्यादा घाटाची. कल्याणपुढे एक फाटा बोर घाट चढून पुण्याकडे जातो आणि दुसरा थळ घाट चढून इगतपुरीकडे. दोन्ही घाटांत चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळांवरच्या लोखंडी चाकाला तो फार मोठा असतो.

दुसरी मर्यादा शहराजवळच्या गर्दीची. लोकल दर दोन-तीन किलोमीटरला थांबते आणि पुन्हा निघते. वाफेचं इंजिन सावकाश वेग घेतं, मग एका मार्गावरून तासाला किती गाड्या सोडणार? विजेची एकसरी मोटर इथे सरस ठरते. तिच्यात क्षेत्राचं वेटोळं आणि फिरणाऱ्या भागाचं वेटोळं एकापाठोपाठ एक जोडलेलं असतं. गाडी उभी असताना दोन्हींतून मोठी विद्युतधारा जाते आणि सुरुवातीलाच जबरदस्त पीळ मिळतो. वेग वाढतो तशी धारा आपोआप कमी होते. थांबून-थांबून धावणाऱ्या गाडीला याहून सोयीची मोटर त्या काळी नव्हती. आणि ती एकदिश विद्युतधारेवर उत्तम चाले.

तिसरी गोष्ट कोळशाची. वाफेचं इंजिन जेवढा कोळसा जाळतं, त्यातल्या ऊर्जेचा शंभरातला सहा-आठ भागच चाकापर्यंत पोहोचतो. तोच कोळसा मोठ्या वीजकेंद्रात जाळला, तर त्या काळच्या यंत्रांतूनही याच्या दुपटीहून जास्त काम निघे. आणि मुंबईला कोळसा यायचा तो हजारपेक्षा जास्त किलोमीटरवरून, बंगाल-बिहारच्या खाणींतून. याउलट सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस तर दारातच होता. टाटांच्या कंपन्यांनी तो अडवून त्यापासून वीज बनवायला सुरुवात केली होती. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली आणून चालणारं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. खोपोलीच्या विजेचे पहिले मोठे ग्राहक होते मुंबईच्या कापड गिरण्या. रेल्वेही या विजेची मोठी ग्राहक होणार होती.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली विजेवरची पहिली रेल्वेगाडी धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचं उद्घाटन केलं. तारेतला दाब १५०० व्होल्ट, धारा एकदिश. १९२६ मध्ये ही तार कल्याणपर्यंत आली. पुढे घाट ओलांडून १९३०पर्यंत ती पुणे आणि इगतपुरीला पोहोचली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच तारेवर धावली. घाटातल्या मालगाड्यांसाठी १९२८च्या सुमाराला स्वित्झर्लंडहून आलेली इंजिनं आडवी-लांबट आणि मध्ये सांधे असलेली होती. ती चालताना अशी काही हलत की लोकांनी त्यांचं नाव ठेवलं ‘खेकडा’!

रेल्वे स्वतःच वीजकंपनी होते

गाड्या तर आल्या. आता त्यांना वीज कुणी द्यायची? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने याचं जे उत्तर काढलं ते ट्रामच्या उलट होतं. मुंबईत वीजकंपनी वाहन चालवत होती. इथे वाहन चालवणारी कंपनीच वीज बनवू लागली. ठाकुर्लीजवळ चोळे गावाच्या परिसरात तिने कोळशावरचं स्वतःचं वीजकेंद्र उभारलं आणि १९२९ मध्ये ते सुरू झालं. परिसरातले जुने लोक त्याला आजही चोळा पॉवर हाऊस म्हणतात.

जागा कशी निवडली असेल, याचा अंदाज नकाशा पाहून विद्यार्थीही करू शकतील. पुण्याचा आणि नाशिकचा असे दोन्ही फाटे कल्याणला फुटतात. दोन्ही घाट तिथून जवळ आणि मुंबईही पन्नासेक किलोमीटरवर. कोळसा आणायला रूळ दारात आणि यंत्रं थंड ठेवायला उल्हास नदीचं पाणी शेजारी. वीजकेंद्राला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे इंधन, पाणी आणि ग्राहक, इथे एकत्र येत होत्या.

केंद्रात तयार होणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दर सेकंदाला अनेकदा दिशा बदलणारी. गाडीच्या तारेत हवी एकदिश. म्हणून मार्गावर जागोजाग उपकेंद्रं बांधावी लागली. त्यांत सुरुवातीला फिरती परिवर्तक यंत्रं होती, पुढे पाऱ्याच्या वाफेचे दिष्टकारी आले आणि त्यानंतर सिलिकॉनचे. आज मोबाइलच्या चार्जरमध्ये बोटाएवढ्या जागेत जे काम होतं, त्यासाठी तेव्हा एकेक इमारत लागत असे.

ठाकुर्लीचं हे वीजघर जवळजवळ सहा दशकं चाललं आणि १९८०च्या दशकात बंद झालं. तोवर राज्याच्या वीजमंडळाची मोठी केंद्रं उभी राहिली होती. सगळ्या केंद्रांना आणि शहरांना जोडणारं तारांचं जाळं विणलं गेलं होतं. एकट्या जुन्या केंद्रापेक्षा जाळ्यातून वीज घेणं स्वस्त आणि भरवशाचं झालं होतं.

गोष्ट इथे संपत नाही. २००३च्या वीज कायद्यानंतर मोठ्या ग्राहकाला वीज कुणाकडून घ्यायची हे निवडण्याची वाट उघडली. २०१४ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने रेल्वे ही कायद्याने वितरण परवानाधारकच मानली जाते, असं स्पष्ट केलं आणि पुढच्या वर्षी केंद्रीय वीज नियामक आयोगानेही तसा निर्णय दिला. नोव्हेंबर २०१५मध्ये महाराष्ट्रातल्या रेल्वेने दाभोळच्या केंद्राची वीज जाळ्यातून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे १९२९मध्ये जो विचार करून ठाकुर्लीचं धुराडं उभं राहिलं, तोच विचार धुराडं न बांधता पुन्हा अमलात आला.

पंधराशे व्होल्टचं ओझं

या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग व्होल्टचा आहे. तो वर्गात गणित म्हणून घेता येईल.

समजा, एका लोकलला वेग घेताना ३० लाख वॉट शक्ती लागते. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा. तारेतला दाब १५०० व्होल्ट असेल, तर धारा किती? ३०,००,००० भागिले १५००, म्हणजे २००० अँपिअर. दाब २५,००० व्होल्ट असेल तर? फक्त १२० अँपिअर. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा जवळपास सतरापट कमी झाली, तर त्याच तारेतला तोटा सुमारे २७८ पट कमी होतो. (प्रत्यावर्ती धारेचे काही बारकावे इथे सोडून दिले आहेत, पण मुख्य मुद्दा तोच राहतो.)

म्हणूनच १५०० व्होल्टच्या मार्गाला जाड तारा लागत आणि दर काही किलोमीटरला उपकेंद्र लागे. गाड्यांचे डबे वाढले, फेऱ्या वाढल्या, तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. भारतीय रेल्वेने नव्या मार्गांसाठी २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती पद्धत १९५०च्या दशकातच स्वीकारली होती. फ्रान्समध्ये ती यशस्वी झालेली होती आणि तिच्यात उपकेंद्रं तीस-चाळीस किलोमीटर अंतरावर असली तरी चालतात. पण मुंबईभोवतीचं जुनं जाळं बदलणं सोपं नव्हतं. तारा, उपकेंद्रं, गाड्यांच्या मोटरी, रुळांजवळचे सिग्नल, पुलांची उंची, सगळंच १५०० व्होल्टला धरून बांधलेलं. आणि रोज लाखो माणसं त्यावरून कामाला जाणारी. दुरुस्तीसाठी हातात यायचे ते रात्रीचे काही तास.

शेवटी दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणून हा बदल टप्प्याटप्प्याने केला गेला. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये. हार्बर मार्गावर ९ एप्रिल २०१६च्या रात्री एकदिश धारेवरची शेवटची लोकल धावली. १९२५ मध्ये घेतलेला निर्णय मागे घ्यायला ९१ वर्षं लागली.

१९२५चा निर्णय चुकीचा होता का? अजिबात नाही. तेव्हाच्या मोटरींना आणि यंत्रांना तोच योग्य होता. पण पायाभूत सोय एकदा उभी राहिली की पुढच्या तीन पिढ्या तिच्या मापाने चालतात. आज गाड्यांच्या चार्जिंगचे प्लग आणि प्रमाणकं ठरताहेत, तेव्हा हे आठवायला हवं. आपल्या देशात २०१७ मध्ये चार्जरची ‘भारत’ नावाची प्रमाणकं आली आणि काही वर्षांतच मोटारी त्यापेक्षा मोठ्या क्षमतेच्या, वेगळ्या जोडणीच्या चार्जरकडे वळल्या. चार्जरची पहिली पिढी अशी लवकर मागे पडली. जे अजून थोडं आहे, ते बदलणं परवडतं. लाखोंनी लागलं की परवडत नाही.

आता गाडी आपली आहे

ट्राम, लोकल आणि आपली स्कूटर यांत एक मूलभूत फरक आहे. ट्रामला कुठे आणि केव्हा वीज लागणार हे वेळापत्रकावरून कळे. लोकलचंही तसंच. ७.४२ची गाडी ७.४२च्या सुमाराला वीज मागणार हे उपकेंद्राला ठाऊक असतं. आपली स्कूटर मात्र कधी, कुठल्या इमारतीत, कुठल्या रोहित्रावर वीज मागेल हे वीजकंपनीला आधी कळत नाही. डोंबिवली-कल्याणला वीज पुरवते महावितरण. जुन्या वीजमंडळाचे भाग होऊन २००५ मध्ये ती स्थापन झाली. तिच्यापुढचा प्रश्न ठाकुर्लीच्या अभियंत्यांपुढे कधी आलाच नव्हता.

पुन्हा एक उदाहरण घेऊ. एका सोसायटीत २० मोटारी विजेवरच्या आहेत. प्रत्येक गाडी रोज सुमारे ३५ किलोमीटर धावते आणि त्यासाठी तिला साधारण ५ युनिट वीज लागते. म्हणजे रोज एकूण १०० युनिट. घरगुती चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो. सगळे लोक कामावरून रात्री आठला आले आणि आल्या आल्या प्लग लावला, तर एकदम ६६ किलोवॉट मागणी येईल आणि दीड तासात थांबेल. याच १०० युनिटांची मागणी आठ तासांत सारखी विभागली, तर ती फक्त साडेबारा किलोवॉट होईल. वीज तेवढीच, गाड्या त्याच, किलोमीटर तेच. पण पहिल्या प्रकारात सोसायटीची केबल जाड हवी, कदाचित रोहित्रही मोठं हवं. दुसऱ्यात जुन्यावरच भागेल. आणि रात्री आठ ही वेळ नेमकी कोणती? घरोघरी दिवे, टीव्ही, वातानुकूल यंत्रं आणि गिझर चालू असण्याची.

किलोवॉट आणि युनिट यांतला फरक मुलांना समजावणं अवघड जातं, असा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असेल. शाळेजवळच्या सोसायटीचं असं गणित मांडलं, तर तो फरक कायमचा लक्षात राहतो.

यावर वीजकंपनीच्या हातात मुख्य साधन आहे दराचं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी वेगळी दरवर्गवारी केली आणि रात्री वीज घेणाऱ्याला सवलत ठेवली. त्याच वर्षी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने आणखी एक पेच सोडवला. चार्जिंग केंद्र चालवणं म्हणजे वीज विकणं की सेवा देणं? विकणं म्हटलं तर वितरणाचा परवाना हवा. मंत्रालयाने ही सेवा आहे, परवाना नको, असा खुलासा केला. त्यामुळे कोणालाही चार्जिंग केंद्र उघडण्याची वाट मोकळी झाली. राज्य सरकारनेही २०१८ मध्ये, मग २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहनांची धोरणं जाहीर केली. महावितरणने आपल्या उपकेंद्रांच्या आवारात स्वतःची चार्जिंग केंद्रंही उभारली. बेस्टच्या ताफ्यात २०१७पासून विजेवरच्या बस आल्या आणि १९०५ची ती जुनी जोडी, एकाच छत्राखाली वीज आणि वाहन, पुन्हा कामाला लागली.

रात्र की दुपार?

इन्सलच्या काळापासून वीजकंपन्या रात्रीच्या ग्राहकाच्या शोधात होत्या, कारण रात्री केंद्रं रिकामी असत. गेल्या काही वर्षांत हे गणित फिरलं आहे. सौरऊर्जेची केंद्रं वाढली आणि दुपारी वीज मुबलक मिळू लागली. २०२५मध्ये महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत देण्याची सुरुवात झाली, ती यामुळेच. म्हणजे गाडी चार्ज करायला आता सगळ्यात चांगली वेळ दुपारची.

पण दुपारी आपली गाडी असते कुठे? डोंबिवलीचा किंवा कोपरचा नोकरदार सकाळी स्कूटर स्टेशनजवळ लावतो आणि लोकल पकडतो. संध्याकाळी परत येईपर्यंत ती स्कूटर तिथेच उन्हात उभी असते. सूर्य तळपतो तेव्हा स्कूटर रिकामी, आणि सूर्य मावळल्यावर ती घरी येऊन वीज मागते! स्कूटरच्या बॅटरीत जेमतेम तीन युनिट मावतात. दिवसभराचे आठ तास मिळाले, तर साध्या घरगुती सॉकेटमधूनही ती निवांत भरेल. त्यासाठी जलद चार्जरची महागडी यंत्रणाच नको. वाहनतळावर साधे सॉकेट, मोजणी करणारं मीटर आणि पावसापासून संरक्षण पुरेसं आहे. रेल्वे, महापालिका आणि वीजकंपनी अशा तिघांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे. ज्यांच्या चाळीत किंवा जुन्या इमारतीत गाडी लावायला स्वतःची जागाच नाही, त्यांना विजेवरची स्कूटर परवडायची असेल, तर असाच काही मार्ग काढावा लागेल. नाहीतर सवलती मिळतील त्या पार्किंगवाल्यांनाच.

धूर कुठे गेला?

ठाकुर्लीचं धुराडं आणखी एक गोष्ट सांगतं. लोकलचा धूर गेला, म्हणजे नेमकं काय झालं? प्रवाशाच्या डोळ्यांत कोळशाचे कण जायचे थांबले. पण कोळसा जळायचा थांबला नाही. तो एका ठिकाणी जळू लागला आणि त्याची राख व धूर वीजघराच्या शेजारच्या वस्तीच्या वाट्याला आला.

आजही हिशेब तसाच मांडायला हवा. अलीकडच्या वर्षांत भारतातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशापासून बनते आहे. कोळशाच्या ऊर्जेचा ३५ टक्के भाग विजेत बदलतो. त्यातून तारांमधला, चार्जरमधला आणि मोटरमधला तोटा वजा केला, तर चाकापर्यंत २४-२५ टक्के पोहोचतो. पेट्रोलचं इंजिन वीस-पंचवीस टक्के देतं, शहरात थांबत-थांबत चालताना त्याहूनही कमी. म्हणजे नुसत्या कोळशाच्या विजेवर गाडी चालवली, तर रस्त्यावरची हवा नक्की स्वच्छ होते, पण पृथ्वीच्या तापमानाच्या दृष्टीने फार मोठा फायदा होत नाही. तीच गाडी सूर्याच्या, वाऱ्याच्या किंवा पाण्याच्या विजेवर भरली, की फायदा खरा होतो. पेट्रोलच्या इंजिनाचं इंधन बदलत नाही. विजेच्या गाडीचं मात्र, गाडी तीच ठेवून, बदलता येतं. तिचं मोठेपण यात आहे.

आणि एक धोकाही लक्षात ठेवायचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. लोक रुळांवर उतरून चालू लागले. सगळी वाहनं एकाच जाळ्यावर आणायची, तर ते जाळं तितकं भक्कम हवं. ठाकुर्लीच्या काळात रेल्वेकडे स्वतःचं वीजघर होतं. आज ते नाही. त्याच्या जागी दुसरा आधार कोणता, हे ठरवून ठेवावं लागतं.

वर्गात करून पाहण्यासारखं

नववी-दहावीच्या मुलांना एक आठवडा द्यावा. आपल्या इमारतीचा मंजूर वीजभार किती, हे वीजबिलावर आणि सोसायटीच्या कागदांत सापडतं. परिसरातल्या रोहित्रावर त्याची क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते, ती कुंपणाबाहेरूनच वाचायची. घरात रात्री आठला काय काय चालू असतं आणि दुपारी एकला काय, याची यादी करायची आणि वॉटांची बेरीज करायची. मग विचारायचं : इमारतीतल्या निम्म्या स्कूटरी विजेवर आल्या, तर त्या केव्हा भराव्यात? नियम कोणी करावा? ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याने जाड केबलचा खर्च का द्यावा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. पण भौतिकशास्त्र न येता त्यावर भांडणारी सभा आणि दोन बेरजा करून मग भांडणारी सभा, यांत फरक पडतो. आपल्या वर्गातली मुलं उद्या त्या सभेत बसणार आहेत.